दुरून डोंगर साजरे : झूमच्या आकड्याविरुद्ध

रोजच्या छायाचित्रणासाठी लांब पल्ल्याचा ब्रिज कॅमेरा घ्यावा की खिशात मावणारा, तोकड्या झूमचा कॉम्पॅक्ट, या प्रश्नाचा साहित्यविचाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. ‘दृष्टिकोन’, ‘अंतर’, ‘तटस्थता’, ‘जवळीक’ हे शब्द आपण वर्गात रोज वापरतो आणि ती रूपके आहेत हे विसरून वापरतो. कॅमेऱ्यात ती रूपके राहत नाहीत. तेथे त्यांचे मिलिमीटर होतात, ग्रॅम होतात आणि रुपये होतात. पाहणारा कोठे उभा आहे, या एका प्रश्नावर कथनमीमांसेचे अर्धे दुकान चालते. मग हाच प्रश्न विकत घेण्याची वेळ येते तेव्हा आपण तो विक्रेत्यावर सोपवून का मोकळे होतो?

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. मराठीचा विद्यार्थी आज कॅमेरा हाती घेतो तो क्षेत्रीय कामासाठी. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या आजीबाई, गावाबाहेरचे वीरगळ, ग्रंथालयातली पिवळी पडलेली नियतकालिके, दिंडी, बाजार, दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या. यांतले बरेच काही पुढच्या वीस वर्षांत नाहीसे होणार आहे आणि त्याची नोंद करण्याची इच्छा असलेली माणसे मुळात थोडी आहेत. अशा माणसाने कॅमेरा घ्यायचे ठरवले की संभाषणाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “किती एक्स?” त्या प्रश्नाने निवड बिघडते आणि पुढे पाहण्याची सवयही बिघडते, असे आमचे म्हणणे आहे. नित्याच्या छायाचित्रणासाठी प्रचंड झूमचा ब्रिज कॅमेरा हा चुकीचा पर्याय आहे. मोठा सेन्सर, उजळ भिंग आणि तीन-चार पटींचा झूम असलेला लहान कॅमेरा हाच योग्य पर्याय आहे. आणि ही निव्वळ तांत्रिक पसंती नाही.

आकडा काय सांगतो?

‘एक्स’ हा आकडा भिंगाची शक्ती सांगत नाही. तो एक भागाकार सांगतो : भिंगाचे सर्वांत मोठे नाभीय अंतर भागिले सर्वांत लहान नाभीय अंतर. २४ ते १२० मिलिमीटरचे भिंग पाच एक्स आणि १०० ते ५०० मिलिमीटरचे भिंगही पाच एक्स. पहिल्यात घरातली बैठक मावेल, दुसऱ्यात माळावरचा काळवीट. दोहोंचा आकडा एकच. एखाद्या कादंबरीची थोरवी तिच्या सर्वांत मोठ्या प्रकरणाला सर्वांत छोट्या प्रकरणाने भागून ठरवावी, तसला हा प्रकार आहे.

तरीही गेल्या दशकातली स्पर्धा याच भागाकारावर चालली. २०१२ साली कॅननचा एसएक्स ५० हा पन्नास एक्सचा ब्रिज कॅमेरा आला. २०१५ साली निकॉनच्या पी ९०० ने ८३ गाठले. २०१८ साली त्याच कंपनीच्या पी १००० ने १२५. म्हणजे २४ ते ३००० मिलिमीटर, ‘समतुल्य’.

या ‘समतुल्य’ शब्दापाशी साहित्याच्या माणसाने थांबले पाहिजे, कारण अलंकार ओळखणे हा आपला व्यवसाय आहे. पी १००० च्या भिंगाचे खरे नाभीय अंतर ४.३ ते ५३९ मिलिमीटर आहे. ३००० हा आकडा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीशी तुलना करून काढलेला आहे : तेवढ्या मोठ्या चौकटीवर इतकाच चिंचोळा दृष्टिकोण मिळवायचा असता, तर ३००० मिलिमीटरचे भिंग लागले असते. ही उपमा झाली. जाहिरात त्यातला साम्यवाचक शब्द गाळते आणि उपमेचे रूपक करते. गल्ल्यावर पोचेपर्यंत त्याची अतिशयोक्ती झालेली असते. वस्तुतः ५३९ चे ३००० झाले ते भिंगाच्या पराक्रमाने नव्हे. चौकटच लहान कापलेली आहे, म्हणून झाले.

ती चौकट किती लहान, हेही पाहू. अशा कॅमेऱ्यांच्या सेन्सरला ‘एक-द्वितीयांश-पूर्णांक-तीन इंची’ असे चमत्कारिक नाव आहे; व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या जुन्या काचनळ्यांच्या बाह्य व्यासावरून ही नामपद्धती आली आणि नळ्या गेल्या तरी उरली. सरळ सांगायचे तर एक भागिले २.३. प्रत्यक्ष माप सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सरही इंचभर नाही, तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. नावे दोन्ही खोटी असली तरी क्षेत्रफळातला चौपटीचा फरक खरा आहे. जुन्या फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटरची होती, हे प्रमाणासाठी ध्यानात ठेवावे.

दूर पाहण्याची किंमत

आता या लहान चौकटीवर लांबचे दृश्य आणले की काय होते, ते पाहू. पी १००० चे भिंग आखूड टोकाला एफ/२.८ असते, लांब टोकाला एफ/८ होते. एफचा आकडा वाढला की प्रकाश कमी होतो, आणि तो आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २.८ वरून ८ वर जाणे म्हणजे प्रकाश आठव्या हिश्श्यावर येणे.

इतकेच नाही. प्रकाश तरंगरूप असल्याने बिंदूची प्रतिमा कधीच बिंदू नसते. तिची एक सूक्ष्म चकती होते. एफ/८ ला हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास साधारण १०.७ मायक्रोमीटर येतो. त्या कॅमेऱ्यात १ कोटी ६० लाख पिक्सेल २८ चौरस मिलिमीटरमध्ये बसवलेले असल्याने एका पिक्सेलची रुंदी सुमारे १.३ मायक्रोमीटर. म्हणजे एकच चकती आठ पिक्सेलांची रुंदी व्यापते. पिक्सेल मोजून पैसे घेतले जातात आणि शेवटच्या टोकाला त्यांतले बहुतेक एकमेकांचीच नक्कल करीत असतात. यात निर्मात्याचा दोष नाही. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. दोष आहे तो हा नियम ग्राहकापासून झाकून ‘एक्स’ मिरवण्याचा.

शिवाय मध्ये हवा असते. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी दख्खनच्या पठारावर जमीन तापली की हवेचे थर हलू लागतात. अर्ध्या किलोमीटरपलीकडचे काहीही टिपा, ते पाण्यातून पाहिल्यासारखे थरथरते. कोणतेही भिंग ही थरथर काढून टाकू शकत नाही. आणि हात हलतो तो वेगळाच. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा हाताचा कंप पुष्कळसा सावरते, पण समोरचा माणूस हलला तर ती काय करणार?

आता उलट बाजू. २०१२ साली सोनीचा पहिला आरएक्स १०० आला : एक इंची सेन्सर, २८ ते १०० मिलिमीटर समतुल्य, वजन २४० ग्रॅम. झूम जेमतेम साडेतीन पट. त्याचे भिंग आखूड टोकाला एफ/१.८. ब्रिज कॅमेऱ्याच्या एफ/२.८ शी तुलना केली तर भिंगातून प्रकाश सुमारे अडीचपट तीव्रतेने येतो. सेन्सरचे क्षेत्रफळ चौपट. गुणाकार केला तर चित्र घडवायला मिळणारा प्रकाश सुमारे दसपट होतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. दगडी मंदिराच्या गाभाऱ्यात समईखेरीज उजेड नसतो. आजीबाईंच्या माजघरात एक दिवा असतो. या तिन्ही ठिकाणी १२५ एक्स निरुपयोगी आहे आणि दसपट प्रकाश हेच सर्वस्व आहे. आणि मराठीच्या विद्यार्थ्याला जावे लागते ते याच ठिकाणी.

वजनाचा इतिहास

छायाचित्रणाचा इतिहास मुंबईपुरता पाहिला तरी तो ओझे कमी होत जाण्याचा इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. त्या काळी काचा, रसायने, तिपाई, काळा तंबू असा सारा संसार बरोबर न्यावा लागे. दादासाहेब फाळके यांनी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला तोवर कोरड्या काचा आल्या होत्या, तरी कॅमेरा ही रस्त्यात सहज खिशातून काढण्याची वस्तू झालेली नव्हती. १९२५ साली जर्मनीत लायका बाजारात आला आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावू लागला. माणूस पोझ घेऊन बसण्याआधी, तो जगत असताना टिपता येतो, ही गोष्ट त्यानंतर रुळली. रस्त्यावरचे छायाचित्रण ही शैली सौंदर्यशास्त्राने जन्माला घातली असे आपण शिकवतो. तिच्या जन्मात वजनकाट्याचाही वाटा होता.

या पार्श्वभूमीवर पी १००० चे वजन १४१५ ग्रॅम आहे. शंभर वर्षांची प्रगती उलटी फिरवून आपण जवळजवळ दीड किलोचे ओझे पुन्हा गळ्यात अडकवले आहे, आणि त्याला ‘रोजच्या वापराचा’ म्हणतो. ज्यांनी असा कॅमेरा घेतला त्यांची दिनचर्या पाहावी. पहिला महिना तो सर्वत्र जातो. दुसऱ्या महिन्यात फक्त सहलीला. सहाव्या महिन्यात तो कपाटात, सिलिका जेलच्या पुडीशेजारी असतो आणि मालक फोनवर फोटो काढत असतो. कपाटातल्या कॅमेऱ्याचा झूम शून्य एक्स असतो.

नित्य जीवन किती अंतरावर असते?

हा खरा प्रश्न आहे आणि तो कोणतेही माहितीपत्रक विचारीत नाही. हस्तलिखिताचे पान हातभर अंतरावर असते. समोर बसून बोलणारा माणूस दीड-दोन मीटरवर. वीरगळाचा दगड दोन मीटरवर, आणि त्यावरची झीज झालेली आकृती वाचायची तर पल्ला नको, तिरपा उजेड हवा. वर्ग सहा-सात मीटर लांब. गल्लीची समोरची बाजू दहा मीटर. बाजाराची ओळ वीस मीटर. आपले रोजचे जग, काही अपवाद सोडले तर, या वीस मीटरांत घडते. त्यासाठी २४ ते १०० मिलिमीटर समतुल्य एवढा पल्ला भरपूर झाला. उरलेले २९०० मिलिमीटर आपण ज्या जीवनासाठी विकत घेतो, ते जीवन आपण जगत नाही.

द. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ १९६४ साली प्रसिद्ध झाले. मोकाशी आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारकऱ्यांबरोबर चालत गेले. चालल्यामुळे काय झाले? भक्तांच्या महासागराऐवजी त्यांना माणसे दिसली : थकलेली, कुरकुरणारी, हसणारी, आपापल्या संसाराचे ओझे घेऊन आलेली. आज वारीची बरीचशी छायाचित्रे दिवे घाटाच्या वरच्या वळणावरून लांब भिंगाने काढलेली असतात. ती सुंदर असतात. त्यांत नागमोडी रस्ता असतो, पताका असतात, आकार असतो. मात्र त्यांत एकही माणूस नसतो, ठिपके असतात. दर आषाढात वर्तमानपत्रांत तेच चित्र येते आणि कोणते वर्ष आहे हे खालची तारीख वाचल्याशिवाय कळत नाही. दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी इशारा म्हणून घडवली. झूमच्या बाजाराने तिची जाहिरात केली.

शिवाय हे दूरचे चित्र एका अर्थी साक्षही नीट देत नाही. यथादर्शन भिंगावर अवलंबून नसते. ते पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. दूर उभे राहून चिंचोळ्या चौकटीत दृश्य घेतले की पुढची आणि मागची माणसे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. २०२० साली करोनाकाळात युरोपात गर्दीच्या छायाचित्रांवरून यावरच वाद झाला : त्याच रस्त्याचे, त्याच वेळचे एक चित्र लांब भिंगाने काढले तर खेचाखेच दिसे, बाजूने वा रुंद भिंगाने काढले तर माणसांमध्ये मोकळी जागा दिसे. दोन्ही चित्रे खरी होती. कोण कोठे उभे राहिले, हे सांगितल्याशिवाय त्यांतले कोणतेही वाचता येत नव्हते. निवेदकाचे स्थान सांगितल्याशिवाय कथेचे वाचन अपुरे राहते, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो, तेच येथे.

पाहणे आणि पाहिले जाणे

आमच्या आक्षेपाचा गाभा याहून पुढे आहे. लांब झूमने माणूस टिपला की तो माणूस परत पाहू शकत नाही. त्याला ठाऊकच नसते. पन्नास मीटरवरून म्हातारीच्या सुरकुत्या ‘सहज’ म्हणून टिपल्या जातात, स्पर्धेला पाठवल्या जातात, बक्षीस मिळवतात. त्या बाईला विचारलेले नसते, आणि विचारण्याची वेळ येऊ नये म्हणूनच ते भिंग वापरलेले असते. याला कोणी संकोच म्हणेल, कोणी सभ्यपणा. आम्हाला तो पाहण्यातला भित्रेपणा वाटतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याहून गरीब माणसाच्या बाबतीतच केला जातो. कुलगुरूंच्या सुरकुत्या पन्नास मीटरवरून कोणी टिपत नाही; त्यांची वेळ मागितली जाते.

मराठी साहित्याने हा धडा एकदा शिकलेला आहे. खेडे म्हणजे रम्य देखावा, दलित म्हणजे करुणेचा विषय, असे लांबून लिहिलेले वाङ्मय आपल्याकडे विपुल होते. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि त्यानंतरच्या आत्मकथनांनी ते अंतरच मोडून काढले. ज्याच्याकडे पाहिले जात होते तो बोलू लागला, आणि आधीच्या कितीतरी वर्णनांचा रंग एकदम उडाला. छायाचित्रणातही ही परंपरा आपल्याकडे आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी छायाचित्रे काढली, ती त्या माणसांच्या कामाच्या जागी, त्यांच्यात मिसळून काढलेली आहेत. ती पाहताना आपण कोणाच्या समोर उभे आहोत, हे विसरता येत नाही. साहित्यात जे आपण ‘बाहेरून पाहिलेले’ म्हणून नापास करतो, तेच कॅमेऱ्यात ‘काय क्लोजअप आहे!’ म्हणून डोक्यावर घ्यायचे, ही विसंगती निदान साहित्याच्या शिक्षकांनी तरी सांभाळू नये. तो क्लोजअप जवळचा नसतो. जवळीक न करता घेतलेला जवळचा भास असतो.

काही पूर्वपक्ष

येथे पहिला आक्षेप पक्षिमित्रांचा. नांदूर मध्यमेश्वरला किंवा भिगवणला जाणाऱ्याने काय करावे? त्याने खुशाल ब्रिज कॅमेरा घ्यावा. पक्ष्याजवळ जाणे हाच तेथे अपराध आहे. त्या अंतराला नीती आहे. याच न्यायाने मैदानावरचा खेळ किंवा चंद्रावरची विवरे पाहणाऱ्याचीही आम्ही गय करतो. आमचा वाद ‘रोजच्यासाठी’ या शब्दाशी आहे. वर्षातून चार रविवारी लागणाऱ्या गोष्टीसाठी उरलेले तीनशे साठ दिवस अंधूक करून घेऊ नयेत.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे : ‘असावे सगळे, लागेल तेव्हा लागेल.’ ही अडगळीच्या खोलीची मीमांसा आहे. भिंगाच्या रचनेत काहीही फुकट मिळत नाही. पल्ला वाढवला की उजळपणा, आकार किंवा सेन्सर यांतून त्याची वसुली होते. अपवाद म्हणून दाखवले जाणारे कॅमेरे हेच सिद्ध करतात. पॅनासॉनिकचा एफझेड १००० (२०१४) किंवा सोनीचा आरएक्स १० मालिकेतला चौथा (२०१७) हे एक इंची सेन्सरचे प्रामाणिक ब्रिज कॅमेरे आहेत. पहिला ४०० मिलिमीटरवर थांबला, दुसरा ६०० वर. वजने अनुक्रमे ८३१ आणि १०९५ ग्रॅम. सेन्सर वाढताच झूमचा आकडा कसा खाली आला आणि तरीही वजन कसे राहिले, हे पाहावे. मंदिराच्या शिखरावरचे शिल्पपट टिपणे हे ज्याचे नित्याचे काम आहे, त्याच्यासाठी हे ओझे सार्थ आहे. इतरांसाठी नाही.

तिसरा आक्षेप : फोन असताना कॅमेरा हवाच कशाला? ज्याचे फोनवर भागते त्याने काहीही विकत घेऊ नये, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. बाजाराने तेच केले आहे. २०१० साली जगभरात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ साली ऐंशी लाखांच्या आत. तथापि संहितेच्या अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोन अनेक चित्रे एकत्र करून, गोंगाट पुसून, कडा धारदार करून एक चित्र रचतो, आणि लांब झूमला तर दिसले नाही तेही भरून काढू शकतो. २०२३ साली चंद्राच्या फोन-छायाचित्रांवरून यासंबंधी बराच गदारोळ झाला. आपल्या परिभाषेत याला प्रक्षेप म्हणतात. वाढदिवसाच्या केकवर प्रक्षेप झाला तर बिघडत नाही. मोडीतल्या पुसट अक्षरावर झाला तर बिघडते. कच्ची, असंस्कारित फाइल देणारा आणि तिची प्रक्रिया आपल्या हाती ठेवणारा कॅमेरा अशा ठिकाणी हवा. काही फोनही आता अशी फाइल देतात. ज्यांचा देतो त्यांनी ती सोय वापरावी.

चौथा आक्षेप शुद्धतावाद्यांचा, आणि तो आमच्याच बाजूचा असल्याचे सोंग घेऊन येतो. झूमच नको, एकच स्थिर भिंग हवे, पायांनी झूम करा. दाखला कार्तिए-ब्रेसाँचा आणि त्यांच्या पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचा. दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. गाभाऱ्यात पाठीला भिंत लागली की पाय झूम करीत नाहीत. ओवी सांगता सांगता डोळे मिटलेल्या बाईच्या अंगावर दोन पावले पुढे जाणे म्हणजे ती ओवी थांबवणे. ‘पायांनी झूम करा’ हे सूत्र ज्यांना पाय टाकायला सगळीकडे मुभा आहे, त्यांचे सूत्र आहे. भाषेतल्या शुद्धलेखनाच्या अहंकाराप्रमाणे यातही पुष्कळदा कौशल्यापेक्षा प्रतिष्ठेचा भाग असतो.

म्हणून भेद नीट करावा. तीन-चार पटींचा झूम चौकट निवडतो : आपण आहोत तेथेच आहोत, समोरच्याला आपण दिसतो आहोत, फक्त किती घ्यायचे हे ठरवतो. शंभर पटींचा झूम अंतर पुसतो : आपण तेथे नसताना असल्याचा आव आणतो. पहिले संपादन आहे, दुसरे वेषांतर.

मग घ्यावे काय?

माहितीपत्रकात चार गोष्टी पाहाव्यात, त्याही याच क्रमाने. पहिली, सेन्सरचे माप, इंचांत नव्हे, मिलिमीटरांत. १३.२ गुणिले ८.८ हा किमान उंबरठा मानावा. दुसरी, भिंगावरचे एफचे दोन्ही आकडे. विक्रेता पहिला सांगतो. दुसरा आपण वाचायचा. पहिल्या आरएक्स १०० मध्ये १.८ चे लांब टोकाला ४.९ होते, हा त्याचा उणेपणा आहे. २०१४ चा आरएक्स १०० मालिकेतला तिसरा २४ ते ७० मिलिमीटरवर थांबतो पण १.८ ते २.८ राहतो, आणि त्यात उन्हात उपयोगी पडणारी, वर उघडणारी डोळ्याची खिडकीही आहे. कॅननचा जी ७ एक्स मालिकेतला दुसरा (२०१६) आणि तिसरा (२०१९) २४ ते १०० पर्यंत १.८ ते २.८ देतात, मात्र त्यांना ती खिडकी नाही. ज्याला उन्हात जास्त काम आहे त्याने खिडकी पाहावी, ज्याला माणसांच्या चेहऱ्यांचे काम आहे त्याने १०० मिलिमीटर पाहावे. तिसरी गोष्ट, बॅटरीसह वजन : तीनशे ग्रॅमच्या आसपास. शबनममध्ये पुस्तकांशेजारी तो आहे हे विसरता आले पाहिजे आणि हात घातल्याबरोबर सापडला पाहिजे. चौथी आणि शेवटची, झूमचा आकडा. आणि तो दोन अंकी असेल तर पहिल्या तीन गोष्टी पुन्हा तपासाव्यात. ‘डिजिटल झूम’ हा शब्द दिसला तर तो वाचूच नये. ती चित्राची कात्रण आहे, आपल्याला घरीही करता येते.

हे कॅमेरे आता जुने झाले, दुकानात सहज मिळत नाहीत, असे कोणी म्हणेल. तर वापरलेला घ्यावा. भिंग बाहेर येताना अडखळते का, आकाशाच्या चित्रात धुळीचे ठिपके दिसतात का, बॅटरी टिकते का, एवढे तपासावे. दहा वर्षांपूर्वीचा एक इंची सेन्सर आजच्या लहान सेन्सरच्या कोऱ्या कॅमेऱ्यापेक्षा माजघरात आजही सरस ठरतो. क्षेत्रफळ जुने होत नाही.

महाविद्यालयांसाठी कॅमेरा खरेदी करणाऱ्या सहकाऱ्यांना एक वेगळी विनंती. एका मोठ्या रकमेत विभागाच्या कपाटाची शोभा वाढवणारा, कुलूपबंद, फक्त स्नेहसंमेलनात बाहेर येणारा ब्रिज कॅमेरा घेण्याऐवजी तेवढ्याच रकमेत बसतील तेवढे वापरलेले लहान कॅमेरे घ्यावेत आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती, घरी नेण्यासाठी द्यावेत. एखादा हरवेल, एखादा पडेल. पण जात्यावरची ओवी सांगणारी बाई त्या विद्यार्थ्याच्या घरात आहे, विभागाच्या कपाटात नाही.

आणि तो कॅमेरा देताना एकच अट घालावी : ज्याचे छायाचित्र काढाल त्याचे नाव तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. नाव विचारायला जेवढे जवळ जावे लागते, तेवढाच पल्ला रोजच्या कॅमेऱ्याला हवा.